नऊजणींच्या नऊ विती

शिवणाच्या वर्गात किस्से फार साठतात. कारण अगदी साधं आहे. हात गुंतलेले असतात, तोंड मोकळं असतं, आणि सगळ्यांच्या माना खाली असल्यामुळे कोण काय बोललं ते कोणाला पकडता येत नाही! आमच्या हिंगणघाटच्या वर्गात तर एका गोधडीनंच इतके किस्से दिले, की आजही आम्ही जुन्या बाया जमलो की चहा दोनदा गरम करावा लागतो.

नागपूर राजधानी होतं आणि आमचा वर्धा जिल्हा मध्य प्रदेशात होता, तेव्हाची गोष्ट. माझं लग्न होऊन दीड वर्ष झालं होतं. नवरा तहसील कचेरीत कारकून. वाचनालयाच्या मागच्या खोलीत महिला मंडळानं शिवणाचा वर्ग काढला आणि मी नाव घातलं. दुपारी मिलचा भोंगा झाला की वर्ग भरायचा.

शिकवायला होत्या यमुनाबाई. समुद्रपूरकडच्या शेतकरी घरातली बाई. वय असेल तिशीचं. नवरा गेल्यावर सहा वर्षं त्या भासऱ्यांच्या, म्हणजे थोरल्या दिरांच्या घरी चौदा माणसांच्या भाकरी थापत होत्या. मग कोणाच्या तरी ओळखीनं इथे आल्या. पण नेमणूक कच्ची! सहा महिन्यांनी नागपूरहून निरीक्षिका येणार, वर्गानं केलेलं एक मोठं काम बघणार, पसंत पडलं तर वर्ग पक्का आणि यमुनाबाईही पक्क्या. नाहीतर परत समुद्रपूर, परत चूल.

"मी परत जात नसते," त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या. कोणी विचारलंही नव्हतं!

*

मोठं काम म्हणून गोधडी ठरली. यमुनाबाई धरून आम्ही नऊजणी. म्हणून नऊ चौकोन, प्रत्येकीनं आपापल्या घरच्या कापडाचा एक करायचा आणि मग सगळे जोडायचे. गोधडीला खालचा थर असतो, वरचा असतो. आम्ही त्यांना नुसतं 'खालचं' आणि 'वरचं' म्हणायचो. निरीक्षिकेला दाखवायचं होतं ते 'वरचं'. नक्षी त्यातच असते.

आता माप सांगायचं तर टेप पाहिजे. वर्गाला टेप एकच. ती मंडळाच्या प्रेसिडेंट वकिलीणबाईंच्या कपाटात, कपाटाची किल्ली त्यांच्या कमरेला, आणि वकिलीणबाई लग्नाला अमरावतीला!

यमुनाबाई थोड्याच अडणार होत्या! त्यांनी आपला हात पसरून दाखवला.

"तीन वीत लांब, तीन वीत रुंद. बोटभर कमी नको, बोटभर जास्त नको!"

आम्ही माना डोलावल्या. यात काही चुकतंय असं आमच्यातल्या एकीच्याही डोक्यात आलं नाही. येणार कसं? जन्मभर खाटेचा पट्टा, दाराचा पडदा, लेकराचं झबलं, सगळं वितीनंच तर मोजत आलो होतो. ज्याचं त्याच्या घरात मापलेलं ज्याच्या त्याच्या घरात बसत होतं.

मी तर चौकोन तीनदा मोजला. मनापासून मोजला. माझा हात इतका लहान, की सासूबाईंनी घातलेल्या पाटल्या पाणी भरताना विहिरीत पडतील म्हणून काढून ठेवायला लागायच्या.

आणि आमच्यात होती पार्बताबाई. कापसाच्या जिनात सरकी काढायच्या कामावर होती. पाळी संपली की केसात कापूस घेऊन तशीच वर्गात यायची. तिचे हात! एका तळहातावर भाकरी थापायची आणि ती भाकरी परातीत मावायची नाही. तिनं लग्नातल्या लाल लुगड्याचा चौकोन केला. काठ असा फिरवून लावला, की कुठून सुरू झाला आणि कुठे संपला ते शोधून सापडू नये. महिनाभर जिनातल्या जेवणाच्या सुट्टीत बसून शिवत होती.

"हा मधे लावू," यमुनाबाई म्हणाल्या. "सगळ्यात देखणा आहे."

*

जोडताना लक्षात आलंच होतं, काहीतरी लहानमोठं आहे. पण आम्ही बाया! इकडे थोडं ओढलं, तिकडे थोडी ढील दिली, दातांनी दोरा तोडला आणि आठ दिवसांत नऊ चौकोन जोडून मोकळ्या झालो. मग सतरंजी काढून जमिनीवर ते 'वरचं' अंथरलं.

चारी कडा जमिनीवर. मधे मात्र ते वर!

"खाली मांजर गेली का बाई?" मी म्हटलं आणि खरंच कोपरा उचलून आत पाहिलं.

दाबलं तर दुसरीकडे फुगायचं. तिकडे दाबलं तर परत मधे. आम्ही चौघी चार बाजूंनी रांगत दाबत होतो. शेवटी पार्बताबाई कमरेवर हात देऊन म्हणाली, "अवं मांजर कायची! माह्याच तुकडा हाय तो. तुमचे सारे इत्तुसे, अन् माह्या हा एवढा!"

तिनं आपला पंजा जमिनीवर टेकवला. शेजारी मी माझा टेकवला. मग एकेक करत नऊजणींनी नऊ हात ओळीनं मांडले. नऊ हात, नऊ विती! एकीची दुसरीशी जुळेना. आम्ही हसून हसून लोळलो. एकट्या यमुनाबाई हसल्या नाहीत. त्या आपल्याच हाताकडे बघत बसल्या. निरीक्षिका यायला तीन आठवडे उरले होते.

आज तुम्ही म्हणाल, मधला कापून बारीक करायचा, किंवा बाकीच्यांना पट्ट्या जोडायच्या. सोपं आहे म्हणायला! मधला कापला तर पार्बताबाईचा काठ तुटतो. पट्ट्या जोडायच्या तर आठही तुकडे उसवायचे, आणि सगळी हातशिलाई! मशीन आम्ही तेव्हा फक्त टेलरच्या दुकानात बघितलेलं.

"उसवायचं नाही," यमुनाबाई म्हणाल्या. "काही मार्ग निघेल."

*

पहिला मार्ग म्हणून बाजारातले नथ्थूजी टेलर आले. गावातले सगळे साहेबलोक त्यांच्याकडचा कोट घालायचे. त्यांनी हात मागे बांधून गोधडीला तीन प्रदक्षिणा घातल्या. मग म्हणाले, "कोळसे आना."

इस्त्री तापली. नथ्थूजींनी पाणी शिंपडलं, चर्र चर्र वाफ काढली, आणि काय सांगू, टेकडी बसली! अगदी सपाट! नथ्थूजींनी आमच्याकडे असं पाहिलं, की आम्हाला वाटलं आता हे फी मागतात की काय. पण त्यांनी फक्त चहा मागितला. आम्ही दिला.

ते बशीत ओतून पीत होते आणि कापड वाळत होतं. पहिली बशी संपली तेव्हा मधे जरा फुगवटा दिसला. दुसरी संपली तेव्हा टेकडी होती तिथे परत हजर.

नथ्थूजींनी बशी खाली ठेवली, टोपी घातली.

"बाई, तहसीलदारसाहेबाचं पोट मी आजपावतो कोटात लपवत आलो. कोनाले दिसलं नाई. पन हे पोट मले नाई लपवता येत!"

*

मग आमच्या घरातले विद्वान पुढे सरसावले. म्हणजे माझा नवरा. कचेरीत नकाशांवर काम केलेलं, त्यामुळे माप म्हटलं की स्वारीच्या अंगात यायचं.

"तुम्हा बायकांना पद्धत नाही," तो म्हणाला. "प्रत्येक चौकोनाचं माप मला आणून दे. मी हिशेबानं सांगतो, कुठे किती वाढवायचं."

मी फूटपट्टीनं नऊ मापं घेऊन दिली. रविवारची सगळी सकाळ त्यानं कचेरीच्या कागदावर त्रैराशिक मांडलं. कुठे वाढवायचं तर त्याच्या शेजारी वाढवायचं, शेजारी वाढवलं की त्याच्या शेजारी. पानंच्या पानं! जेवण दोनदा निवलं. अखेर आकडा निघाला. त्यानं फूटपट्टी घेऊन आमच्या खोलीत तो आखून दाखवायला सुरुवात केली. इकडून निघाला, तिकडे भिंत आली. परत मोजलं. परत भिंत!

मी कपाळावर ओघळलेलं खोबरेल पुसत म्हटलं, "काहीतरी चुकलं असेल हो तुमचं."

त्यानं कागद परत तपासले. मग मान वर न करता म्हणाला, "गणित बरोबर आहे. खोली लहान आहे!"

*

पार्बताबाईनं मात्र खरा उपाय काढला. तिच्या जिनाला लागूनच प्रेस होता. तिथे कापसाच्या गठाणी बांधायचे. नुकत्याच दाबलेल्या त्या गठाणी इतक्या टणक, की त्यांना ठेचकाळून माणसाचं नख जायचं.

"दोन गठाणीच्या मधात ठेवतो चार दिवस," ती म्हणाली. "मंग पाहू कशी उठते ते!"

जुन्या धोतरात गुंडाळून तिनं ते 'वरचं' नेलं. तिसऱ्या दिवशी जिनाच्या जमादाराला गठाणींमधून धोतराचं टोक बाहेर आलेलं दिसलं. तो ओरडत आला, "हे काय हाय वं पार्बता? काय दाबून ठेवलं?"

पार्बताबाई हातातलं काम न थांबवता म्हणाली, "सासू हाय माही!"

अख्खा जिन हसला. जमादारही हसला आणि गुंडाळी आणखी एक दिवस तिथेच राहिली.

पाचव्या दिवशी आम्ही दार लावून घेतलं आणि गुंडाळी सोडली. पापडासारखं सपाट! आम्ही टाळ्या वाजवल्या. एकीनं तर साखर वाटायला घेतली. साखर माझ्यापर्यंत यायच्या आत मधला लाल चौकोन जरासा हलला. मग हळूच वर आला. थोडा थांबला. परत वर आला. आम्ही साखर हातात धरून पाहत राहिलो.

"बाप्पा!" पार्बताबाईनं तोंडावर हात ठेवला. "अख्खा कापूस दबला, हे नाई दबली!"

आणि त्या दिवशी पहिल्यांदा यमुनाबाई हसल्या. इतक्या हसल्या, की डोळ्यांतून पाणी आलं. ते पाणी पुसता पुसता त्या म्हणाल्या, "आता हिला कोणी दाबायचं नाही. असायची तशी असू द्या."

*

आता वकिलीणबाईंचं सांगते. अमरावतीहून त्या परत आल्या आणि वर्गात येऊन उभ्या राहिल्या. टेप हातात होती! मी मनात म्हटलं, आलात, दोन महिने उशिरा!

त्यांनी मधला चौकोन मोजला आणि नाक मुरडलं.

"हाच मोठा आहे. हा काढून टाका. जिनातल्या बाईचं काम, ते असं व्हायचंच. माझ्या सुनेनं घरी मोराचं भरतकाम केलं आहे, ते मधे बसवा. हा कुठेतरी मागे लावा, तिलाही वाईट नको वाटायला."

पार्बताबाई तिथेच बसली होती. तिनं सुई केसात खोचली आणि उठून उभी राहिली. मला वाटलं, आता ही वकिलीणबाईंना काहीतरी ऐकवते. पण ती वळली यमुनाबाईंकडे.

"काढून टाका बाई. माह्या एका तुकड्यापायी तुमी आपली नोकरी काऊन घालवता?"

यमुनाबाई वर्गात नेहमी शुद्ध बोलायच्या. सातवी पास झालेल्या होत्या, जपून बोलायच्या. त्या दिवशी ते सगळं गळून पडलं.

"बस खाली, पार्बता. म्या तुले तीन वीत म्हटलं. तू तीन वीत आनलं. तुहं काय चुकलं? तुकडा हालनार नाई."

वकिलीणबाईंनी पिशवीतून कात्री काढून मधोमध ठेवली. "उद्या दुपारी मी येते. तोवर तुम्ही काढला नाही, तर मी काढीन."

दुसऱ्या दिवशी आम्ही भोंग्याच्या आधीच जमलो. पार्बताबाईची जिनात कामाची पाळी होती, तरी ती आली. जमादारानं कारण विचारलं तेव्हा तोंड पाडून म्हणाली, "त्या दिशी गठाणीत दाबली होती ना, ते सासू... गेली!"

आम्ही ते 'वरचं' अंथरलं आणि प्रत्येकजण आपापल्या चौकोनावर मांडी घालून बसली. मधे पार्बताबाई, भोवती आम्ही आठ. कात्री यमुनाबाईंच्या मांडीखाली. वकिलीणबाई आल्या. दारात थांबल्या. एकेकीकडे बघितलं.

"उठा."

कोणी उठेना. मला भीती वाटत होती, खोटं कशाला सांगू? माझा नवरा त्यांच्या नवऱ्याकडे कागद घेऊन जायचा. पण मी माझ्या त्या इवल्याशा चौकोनाला चिकटून बसले. भिंतीवरच्या घड्याळात अर्धा तास गेला. शेवटी वकिलीणबाई पाय आपटत निघाल्या.

"बघते मी निरीक्षिकेसमोर!"

त्या गेल्या आणि आमच्यातली एकजण हळूच खाली बघून म्हणाली, "अगंबाई, आज पहिल्यांदा सपाट पडली की हो ही!"

*

निरीक्षिका येण्याच्या आदल्या दिवशी समुद्रपूरच्या मोटरीनं यमुनाबाईंचे भासरे आले. धिप्पाड माणूस, पांढरी टोपी, हातात यमुनाबाईंचं सामान न्यायला रिकामी वळकटी! कोणीतरी त्यांना गोधडीची खबर पोचवली होती.

त्यांच्या घरची रीत अशी, की धाकट्या भावाच्या बायकोनं भासऱ्यांसमोर यायचं नाही. आलीच तर डोक्यावरून पदर, आणि थेट बोलणं तर नाहीच. त्यामुळे भासरे वर्गाच्या ओट्यावर बसले, यमुनाबाई दाराआड उभ्या राहिल्या आणि मधे उंबऱ्यात मी!

"बाई, तिले म्हना," भासरे मला म्हणाले, "सामान बांधून ठेव. उद्या झालं का सांजच्या मोटरीनं निघू."

मी दाराआड बघून म्हटलं, "सामान बांधा म्हणतात."

दाराआडून आवाज आला, "त्यांले म्हना, बांधत नाई."

मी इकडे तोंड केलं. "बांधत नाही म्हणतात."

"तिले म्हना, घरी काय कमी हाय तुले?"

"त्यांले म्हना, काईच कमी नाई. चौदा मानसं हायत!"

मी डावीकडे, उजवीकडे, डावीकडे, उजवीकडे. दोघांनाही एकमेकांचा शब्द न् शब्द ऐकू येत होता, तरी माझ्यामार्फत पोचल्याशिवाय कोणी उत्तर देईना. माझी मान दुखायला लागली.

"तिले म्हना, गोधडी सपाट पडत नाई असं आयकलं."

"त्यांले म्हना, खरं आयकलं."

"मंग पास कशी होईन? तिले म्हना, नापास झाल्यावर कुठी जाशीन?"

मी हे सांगायला तोंड वळवलं, तर यमुनाबाई दाराआड नव्हत्याच. त्या उंबऱ्यात माझ्या शेजारी येऊन उभ्या होत्या. पदर डोक्यावर होता, पण मान वर होती. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा त्यांनी भासऱ्यांच्या तोंडाकडे बघितलं असेल.

"नापास झाली तरी मी येत नाई. लोकाचे कपडे शिवीन, पन येत नाई. या बाईची मान मोडली बापा. काय विचारायचं ते आता मलेच विचारा!"

भासऱ्यांनी माझ्याकडे बघितलं. "बाई, तिले म्हना..." आणि काय म्हणायचं तेच ते विसरले!

*

आणि मग तो दिवस.

नागपूरच्या निरीक्षिकाबाई उंच होत्या. पांढरी खादी, जाड चष्मा, मागे रजिस्टर आणि टेप घेतलेला शिपाई. दोन्ही हात पदराखाली धरून चालायची त्यांना सवय होती. हसणं नावाला नाही. आम्ही भिंतीला टेकून ओळीत उभ्या. वकिलीणबाई ठेवणीतलं लुगडं नेसून पुढे. भासरे दारात, वळकटी काखेत.

गोधडी जमिनीवर अंथरलेली होती. टेकडीसकट.

"हे काय आहे?" निरीक्षिकाबाईंनी विचारलं.

"गोधडीचं वरचं आहे, बाई," यमुनाबाई म्हणाल्या.

"ते दिसतंय. हे काय आहे?" त्यांनी हनुवटीनं मधे दाखवलं.

वकिलीणबाई लगेच पुढे झाल्या. "मी पहिल्यापासून सांगत होते, पण माझं ऐकतं कोण! मधला तुकडा जिनातल्या एका बाईनं केलाय. मापाचं ज्ञान नाही. तो भलता मोठा झाला, म्हणून सगळं काम बिघडलं."

पार्बताबाई खाली बघत होती. तिनं दोन्ही हात पदरात गुंडाळून घेतले होते.

निरीक्षिकाबाईंनी शिपायाकडे न बघता म्हटलं, "टेप."

शिपायानं टेप उलगडली. तेवढ्यात यमुनाबाई पुढे येऊन गोधडी आणि शिपाई यांच्या मधे उभ्या राहिल्या.

"थांबा. टेप लावू नका."

दारातले भासरे एक पाऊल आत आले.

"चूक माही हाय," यमुनाबाई म्हणाल्या. शुद्ध बोलायचं त्या विसरल्या होत्या की मुद्दाम बोलत नव्हत्या, मला अजून कळलेलं नाही. "टेप कपाटात होती. म्या वीत सांगतली. ह्या बायांनी वितीनं मोजलं, अन् एकीनंही लबाडी केली नाई. ज्यांनी टेपनं मोजलंच नाई, त्यांचं काम तुमी टेपनं कसं मोजता? वितीनं मोजा. मंग नापास करा. मी सही देतो."

निरीक्षिकाबाईंनी चष्म्यातून त्यांच्याकडे बघितलं. मग त्यांनी चपला काढल्या आणि जमिनीवर बसल्या.

"माझ्या वितीनं मोजू?"

"मोजा."

त्यांनी पदराखालून उजवा हात काढला. मी पहिल्यांदा तो बघितला. रुंद पंजा, लांब बोटं, अंगठा बाहेर वळलेला. सोन्याचं काही नाही. पार्बताबाईनं मान वर केली ती तो हात बघून. आणि हळूच आपले हात पदरातून मोकळे केले.

निरीक्षिकाबाईंनी कोपऱ्यापासून सुरुवात केली. पहिला चौकोन माझाच. अडीच विती भरला! मला जमिनीत जावंसं वाटलं. पुढचा, तीनला चार बोटं कमी. त्याच्या पुढचा, तीनला पाच बोटं कमी. यमुनाबाईंचा स्वतःचा तीनला तीन बोटं कमी. निरीक्षिकाबाई कडेकडेनं सरकत सगळ्या आठ चौकोनांवरून फिरून आल्या. वकिलीणबाईंचं हसू प्रत्येक चौकोनाला वाढत होतं.

मग त्या मधल्या लाल चौकोनाकडे वळल्या. अंगठा शिवणीवर ठेवला. एक वीत. दोन. तीन. करंगळी बरोबर पलीकडच्या शिवणीवर टेकली.

त्यांनी हात उचलला आणि उभा मोजला. एक. दोन. तीन. परत शिवण.

निरीक्षिकाबाई क्षणभर त्या लाल काठावर हात ठेवून बसल्या. मग पार्बताबाईकडे बघितलं. पार्बताबाईनं त्यांच्याकडे बघितलं. मग निरीक्षिकाबाईंनी हात परत पदराखाली घेतला, उठल्या, शिपायाकडून रजिस्टर मागून घेतलं आणि उभ्या उभ्या स्वतः लिहून मोठ्यानं वाचलं, "काम समाधानकारक. वर्ग व शिक्षिका कायम कराव्यात."

यमुनाबाई भिंत धरून खाली बसल्या. भासरे वळकटी घेऊन केव्हा निघून गेले, ते कोणालाच कळलं नाही.

वकिलीणबाईंना राहवेना. "पण बाई, ते मधल्या तुकड्याचं काय करायचं?"

निरीक्षिकाबाई चपला घालत होत्या. त्यांनी मागे वळूनही बघितलं नाही.

"त्याचं काय करायचं? तो तेवढा एकच बरोबर आहे. बाकीचे आठ लहान झालेत!"